अर्ध्या कोयत्याची नोंद

तू काय काम करतेस असं कुणी विचारलं, तर आरती सरळ सांगायची, की मी खोटी माणसं तयार करते. पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या गावात लोक हे ऐकून हसत, पण ते खरंच होतं. नगरला सावेडीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथं प्रोग्राम मोडून दाखवायचा तिला पगार मिळायचा, आणि मोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी एका संस्थेकडून ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचं ॲप करायचं काम आलं. नोंद झाली की ओळखपत्र, आणि ओळखपत्र असेल तरच अपघाताचा विमा आणि पोरांना वसतिगृहात जागा. नोंदीत कोणते रकाने हवेत, कोणता रिकामा चालेल, वय किती ते किती, हे सगळं पायथन या संगणकाच्या भाषेत, एका मॉडेलात, म्हणजे नियमांच्या साच्यात, लिहायचं होतं. ते आरतीनंच लिहिलं. मग तिचा दुसरा प्रोग्राम ते मॉडेल वाचायचा आणि मनाला येतील तशा हजार बरोबर नोंदी पाडायचा, शिवाय हजार मुद्दाम चुकीच्या. कुणाचं वय सात, कुणाचा मोबाईल नऊ आकडी, कुणाचं गावच गायब. ॲपनं बरोबर तेवढ्या घ्यायच्या, चुकीच्या हाकलायच्या. नावांची यादी तिनं आपल्याच गावातली दिली होती.

ॲप कोपरगावला दाखवायचं होतं. त्याच्या तीन दिवस आधी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, आणि कंपनीचे मालक राधाकृष्ण सर यांनी खुशीत वडापाव मागवले. खाता खाता आरती हाकललेल्या नोंदी सहज चाळत होती. चारशे बारावी नोंद आली. बायडाबाई. वय एकावन्न. जोडीदार: रिकामा. निकाल: अवैध.

बायडाबाई हे तिच्या आईचं नाव. वय यंत्रानं पाडलेलं होतं, रिकामा रकाना मात्र खरा होता.

घास तिच्या तोंडातच राहिला. ऊसतोडीत कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवराबायकोची जोडी. मुकादम कोयते मोजतो म्हणजे जोड्या मोजतो. हे आरतीच्या अंगात इतकं मुरलेलं, की जोडीदाराचा रकाना सक्तीचा करताना तिचा हात क्षणभरही अडखळला नव्हता. आणि तिचा बाप सहादेव ती नऊ वर्षांची असतानाच गेलेला. त्यानंतर सोळा हंगाम आईनं एकटीनं ऊस तोडला. मुकादम तिला अर्धा कोयता म्हणायचा. त्या अर्ध्या कोयत्यावर आरती शिकली, आणि शिकून तिनं आईलाच चुकीच्या ढिगात टाकलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं लगेच ती ओळ बदलली. सरांनी संध्याकाळच्या आत बदल परत फिरवला. संस्थेच्या कागदावर जोडी लिहिलंय, त्यावर सह्या झाल्यात, नंतर बघू, असं म्हणाले. वर हेही सुनावलं, की तिला जड जात असेल तर चाचण्या ऑफिसातला गोरक्षनाथ बघेल.

आरती म्हणाली, "बघू द्या सर. पण हे ॲप बरोबर आहे असं मी लिहून देणार नाही."

सरांनी तो विषय तिथंच सोडला. ॲप दाखवायला तिच्या गावातली एक खरीखुरी जोडी मात्र हवी होती, ती आणशील का, असं त्यांनी विचारलं. आरती म्हणाली, आणते.

ठरल्या दिवशी एसटी बदलत बदलत ती कोपरगावला पोचली, ती एकट्या आईला घेऊन. सरांचा चेहरा उतरला, पण संस्थेचे साहेब समोर बसलेले. आईच्या हातातल्या मोबाईलवर आरतीनं नाव, गाव, वय, सगळं भरलं, आणि ॲप लाल ओळ दाखवून अडून बसलं. जोडीदाराचं नाव भरा. साहेब भले होते. ते समजुतीनं म्हणाले, मालकांचं नाव टाका बाई, नसले तरी चालतंय. सरांच्या जिवात जीव आला.

बायडाबाईनं मोबाईल टेबलावर ठेवला.

"तेला जाऊन सोळा वरसं झाली, सायेब. ऊस म्या तोडलाय. मेलेल्या मान्साच्या नावानं कार्ड म्या घेनार न्हाई."

साहेबांनी सह्या झालेल्या कागदाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. अशा किती असतील, असं त्यांनी विचारलं. आमच्या एका टोळीत चार, असं बायडाबाई म्हणाली. बदलायला किती दिवस लागतील, असं साहेबांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, आठ.

नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत आरतीनं लॅपटॉप उघडला. "एक ओळ आहे, साहेब. तीन दिवसांपूर्वी मी केली होती, सरांनी परत फिरवली."

तिनं सगळ्यांदेखत ओळ बदलली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. बायडाबाया, कडूबाया, जोडीदार नसलेल्या जेवढ्या म्हणून यंत्रानं पाडल्या, तेवढ्या या खेपेला बरोबर नोंदींत आल्या. ॲपनं त्या निमूट घेतल्या. मग तिनं आईची नोंद पाठवली.

बायडाबाईला वाचता येत नव्हतं. काय आलंय, असं तिनं विचारलं.

"नोंद झाली. कोयता, एक."

"अर्धा न्हाई?"

"न्हाई आई. एक."