मोडलेली एकादशी

मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा मी देवावर रुसलो नाही. रुसलो ते त्याने धाडलेल्या मदतीवर. पत्नीचे मूत्रपिंड मला जुळेना. यवतमाळला डायलिसिससाठी शेजारच्या खाटेवर असत ते आमच्याच गावचे मोटार मेकॅनिक रशीदभाई. त्यांनाही त्यांच्या पत्नीचे जुळेना. डॉक्टरांनी अदलाबदल सुचवली: त्यांच्या पत्नीचे मला, माझ्या पत्नीचे त्यांना. त्या दिवसांत मिरवणुकीवरून गावात दगडफेक झालेली. दोन्ही समाज एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नव्हते. रशीदभाईंच्या पत्नी, शबानावहिनी, माझ्या पत्नीला एवढेच म्हणाल्या, "हे दोघं वाचले, तं गावाले भांडाले लाज वाटन."

शस्त्रक्रिया पार पडल्या आणि माझा छळ सुरू झाला. रशीदभाई रोज फोन करीत. "पाणी पेलं काय? गोळ्या घेतल्या काय? भाऊ, किडनी आमच्या घरची हाय, जपून वापरा." आमच्यापैकी एक जरी दगावला असता, तरी 'त्यांनी मुद्दाम खराब दिली' म्हणायला दोन्हीकडचे लोक टपून होते. हे कळत असूनही मी त्रासून जाई. त्यात उपवासाला बंदी. वर्षानुवर्षे निर्जळी एकादशी पाळणाऱ्याला देवाने जीव दिला आणि सेवा काढून घेतली, असे वाटे. अखेर एका एकादशीला, पत्नी राळेगावला माहेरी गेलेली असताना, मी गुपचूप उपवास धरला.

दुपार टळली, तरी फोन आला नाही. ज्याचा कंटाळा केला, त्याचीच वाट पाहत मी देवघरापुढे बसून राहिलो. शेवटी मीच फोन लावला. आवाज खोल गेलेला. रमजान सुरू असल्याचे तेव्हा ध्यानात आले.

"रशीदभाई, रोजा धरला काय?"

"बिमाराले माफी हाय आमच्यात, पण मन मानेना," ते म्हणाले. "तुम्ही काय खाल्लं आज?"

मी उलट त्यांच्याच गोळ्यांची चौकशी करू लागलो.

"म्हंजे तुमचंबी तेच. बायकायले समजलं तं दोघायच्याबी किडन्या वापस मागतीन."

मग आधी पाणी कोणी प्यायचे, यावरून आम्ही हुज्जत घातली. अखेर दोघांनी एकदमच पेले तोंडाला लावले. त्यांचा घोट मला फोनमधून ऐकू आला.

काही बिघडले नाही, ही कृपाच. उपवास करून मी देवाला माझे काही अर्पण करू पाहत होतो. पण जे पणाला लावले, ते माझे नव्हते, शबानावहिनींचे होते. टपून बसलेले लोक पुढे कंटाळले; त्यांतले काही आता रशीदभाईंकडेच गाडी दुरुस्तीला टाकतात. फोन अजूनही रोज येतो, आणि मी अजूनही वैतागतो. एकादशीला मात्र देवापुढे पेलाभर पाणी ठेवतो, हात जोडतो आणि ते पिऊन टाकतो.