चष्मा घरी राहिला

आज आमच्या लॉ कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

दुपारी धानोऱ्याहून एक भाऊ लग्न झालेल्या बहिणीला घेऊन आला. वडिलांच्या शेतातला हिस्सा ती सोडतेय, असं हक्कसोडपत्र त्याने टाईप करूनच आणलं होतं. उद्या नोंदणी आहे, फक्त तपासून द्या, म्हणाला.

मी बाईंना विचारलं, "तुमची इच्छा आहे ना?"

उत्तर भावाने दिलं. "तिले काय इचारतस ताई, ती तयार शे."

पुन्हा विचारलं, पुन्हा तोच बोलला. माझं डोकं फिरलं. गरज नसताना मी त्याला आधारकार्डाची झेरॉक्स काढायला खाली पाठवलं.

तो जाताच बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि हळूच विचारलं, "मी सही नहीं करी तं मन्हं माहेर तुटी जाई का?"

कायद्याचं कलम मला पाठ होतं. पण तिने विचारलं होतं ते माहेराचं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. चष्मा परत पिशवीत गेला.

"लाईट गयी, झेरॉक्स बंद शे," म्हणत त्याने खिशातला पेन बहिणीपुढे धरला. "चाल, सही करी टाक."

तिने पेन हातात घेतला नाही. "मन्हा चष्मा घर ऱ्हायी गया, भाऊ. वाचाबिगर कशी सही करू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बरोबर आहे दादा. वाचल्याशिवाय सही नको."

दोघं एकाच मोटरसायकलवर परत गेले. घरी पोचल्यावर चष्मा सापडेलच. तोवर तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल, तर मला सांगा.