दादांचं ‘बरोबर’

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. कारण साधं होतं, बाई ओरडायची थोरल्या बहिणीसारखी. एका मोठ्या दवाखान्याचा डेटाबेस तिच्या ताब्यात होता. पेशंटचे रिपोर्ट, कुणाला कसली ॲलर्जी, कुणाला कोणतं औषध, सगळं त्यात. सर्व्हर तीन, पण डिस्क सगळ्या एकाच कपाटात, तिघांत सामाईक. सॉफ्टवेअरचं फोल्डरही एकच. तीन जावांचं एकच स्वयंपाकघर म्हणा ना! एकीने डबा रिकामा केला की तिघींकडे ठणठणाट.

त्यातली खरी गोम पुढेच. एकाच डिस्कला तिन्ही सर्व्हर वेगवेगळ्या नावाने ओळखायचे. माणूस एकच, कुणाचा काका, कुणाचा मामा, तसं. नावावर विसंबून कुणी भरलेली डिस्क रिकामी समजून पुसली, तर कित्येक पेशंटच्या रिपोर्टांवर पाणी! म्हणून ताईने नियम घातला होता. डिस्कला हात लावण्याआधी तिने आपल्या स्क्रीनवरचा ओळख क्रमांक मोठ्याने वाचायचा, पलीकडे बसलेल्या, डिस्कचं कपाट सांभाळणाऱ्या स्टोरेजवाल्या दादांनी आपल्या स्क्रीनवर तो शोधून परत वाचायचा, आणि जुळला तर “बरोबर” म्हणायचं. मगच पुढचं काम. “चला, पाढे सुरू झाले!” म्हणून बाकीचे हसायचे. ताई म्हणायची, “हसा लेको, खुशाल हसा. तुमच्या आजीचे रिपोर्ट गेले की रडत याल माझ्याकडेच.”

दादांची नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते. ताई नवखी असताना त्यांनीच तिला हाताला धरून सगळं शिकवलेलं. त्यामुळे दादा बरोबर म्हणाले की तिच्या लेखी विषय संपला.

एका सकाळी घरी काय झालं, नवरा पेपरात डोकं खुपसून बसला होता. ताई काहीबाही सांगत होती आणि हा आपला “हो, हो” करत होता. शेवटी ती म्हणाली, “अहो, मी उद्यापासून चंद्रावर राहायला जातेय.”

“हो का? येताना दूध आण.”

सासूबाई खो खो हसल्या. ताईपण हसली. पण ऑफिसला पोचेपर्यंत ते “हो” तिच्या कानातून जाईना. कुठंतरी ऐकलंय हे, असंच, याच सुरात. मग एकदम तिच्या लक्षात आलं. दादांचं “बरोबर” हल्ली असंच यायचं. तिचा शेवटचा आकडा तोंडातून निघतो न निघतो, तोच. अहो, एवढा लांबलचक क्रमांक शोधायला माणसाला थोडा तरी वेळ लागेल की नाही?

दुपारी दोघंच होती. नवी डिस्क जोडायची होती. ताईने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि क्रमांक वाचला. शेवटी शून्य होतं, तिने मुद्दाम नऊ म्हटलं.

दादांनी सगळे आकडे घडाघडा परत म्हटले, नवासकट. “बरोबर. घे.”

आजवर आपण दोघं मिळून तपासतोय असं ती समजत होती. म्हणजे इतके दिवस ती एकटीच होती! एखाद्या दिवशी तिची नजर चुकली असती तर? तिला राग आला, भयंकर राग आला, आणि ज्याने शिकवलं त्याच माणसावर आपण रागावतोय याचं वाईटही वाटलं.

“दादा, शेवटी शून्य आहे.”

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा असला काय नि नसला काय, त्यांच्या नजरेत काही फरक पडला नाही.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“झाले बरेच दिवस. मधलंच दिसत नाही गं. बघायला जावं तिथंच काळं. डॉक्टर म्हणाले, आता असंच राहायचं.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत? मला? अहो, दवाखाना आहे तो! एक डिस्क गेली असती तर कुणाच्या जिवावर बेतलं असतं!” तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. “साहेबांना तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल, दादा. मला ते करायला लावू नका.”

तिला वाटलं, आता विनवतील, थोडेच महिने राहिलेत म्हणतील. पण दादांनी सुस्कारा सोडला, दिवसभर उचललेलं ओझं खाली ठेवावं तसा.

“सांगायला तोंड उघडायचो आणि ‘बरोबर’च म्हणून बसायचो. मग रोज वाटायचं, आज तरी पोरगी चुकीचा आकडा टाकेल आणि मला पकडेल. तू काही टाकेनास.”

“माझा तुमच्यावर विश्वास होता हो,” ताई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

“तेच तर अवघड झालं ना.” दादा उठले, खुर्चीची पाठ चाचपत तिच्याजवळ आले. “चल, साहेबांच्या केबिनपर्यंत सोड मला. जिन्यात फार अंधार आहे.”

तिने त्यांचा हात धरला. जिन्यात दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं.