झाकणाखालचं गवत

तक्रारसाहेब हे नाव त्यांना कचेरीत पडलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलं. टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे त्यांनी अख्खी नोकरी काढली. लोकांनी तावातावाने बोलायचं, साहेबांनी ऐकून घ्यायचं आणि शेवटी "बघतो" म्हणायचं, असा तो रोजचा संसार. दिवसभर इतकी माणसं तोंडावर बोलून जायची की घरी आल्यावर त्यांना बोलणं नको वाटायचं. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. परदेशातल्या मुलाचा फोन आला की तीच तासभर बोलायची आणि अगदी शेवटी फोन नवऱ्याच्या हातात द्यायची. मग बाप विचारायचा, बरा आहेस ना? मुलगा म्हणायचा, बरा आहे, तुम्ही? एवढ्यावर दोघांचं भागायचं.

बायको गेली आणि ते खातंच बंद पडलं. मुलगा दर रविवारी न चुकता फोन करी, पण कपातला चहा निवायच्या आत बोलणं संपून जाई. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हतं. दोघांना जमत नव्हतं, एवढंच. साहेबांना घर खायला उठायचं. ते रेडिओ लावून ठेवायचे आणि बातम्या सांगणाऱ्या बाईला मधूनच "हो का?" म्हणायचे. आपण असं म्हणतो हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण सवय काही सुटली नाही.

मुलगा एकदा चार दिवस येऊन गेला. मागच्या अंगणातली खडी, फुटक्या कुंड्या आणि गंजलेला नळ पाहून म्हणाला की बाबा, इथे हिरवळ करा. तिकडे त्याने नवं घर घेतलं होतं आणि घरापुढच्या हिरवळीचं त्याला नवंनवं वेड लागलं होतं. साहेबांना गवतात काडीचाही रस नव्हता. पण मुलाने आपल्याला काहीतरी करायला सांगितलं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. त्यांनी कंबर कसली.

कसली म्हणजे अक्षरशः पट्टाच बांधला, डॉक्टरांनी दिलेला. खडी उचलली, माती खणली, लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याच्या टोकाने एकेक उकरून काढल्या. कुजलेलं खत मिसळलं, फळी ओढून जमीन सारखी केली. रोपवाटिकेतून गवत आणलं, त्याच्या काड्या मुळांसकट सुट्या केल्या आणि चार-चार बोटांवर रोवल्या. गुडघ्यांनी बोंब मारली, पण ती ऐकून घेण्यात साहेबांचा हात कोण धरणार? सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालायचं, आणि कोणी पाय ठेवायचा नाही. तसं पाय ठेवायला येत होतं कोण म्हणा.

गवताने मूळ धरलं, आडवे धुमारे फुटले, माती दिसेनाशी झाली. मुलाने फोटो पाहून शाबासकी दिली. तोही फोन चहा निवायच्या आत संपला.

मग साहेबांच्या हातून एक चूक झाली. उत्साहाच्या भरात एका कोपऱ्यात त्यांनी मूठभर खत जास्तच टाकलं आणि तिथलं गवत करपलं. त्यांनी भीत भीत फोटो पाठवला. पाठोपाठ मुलाचा फोन आला, तोही आडवारी. पाणी किती घातलंत, खत कोणतं, पातं टोकाकडून वाळतंय की बुडातून? संध्याकाळी पुन्हा फोन, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि गवताचं बोलून झालं की मुलगा लगेच जात नसे. मधे जरा शांतता पडायची आणि त्या शांततेतून काहीबाही बाहेर यायचं. ऑफिसातला नवा साहेब खडूस आहे. धाकटीचा दात पडलाय. एकदा तर त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही जेवता ना नीट?" आजवर हे त्यांना फक्त बायको विचारायची.

कोपरा सुधारला. बाबा, आता काळजी नाही, असं मुलगा खुशीत म्हणाला आणि गाडी पुन्हा रविवारावर आली.

ज्याचा टेलिफोन धड चालतो तो माणूस खिडकीकडे फिरकत नाही, हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक असणार? चार दिवस त्यांनी मनाला आवर घातला. पाचव्या दिवशी पाण्याच्या पिंपाचं पत्र्याचं झाकण काढलं आणि हिरवळीच्या मधोमध ठेवून दिलं. आठवड्याने उचललं तेव्हा खालचं गवत पिवळंधमक झालं होतं. त्यांनी फोटो काढला, पाठवला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. फोन आला.

पहिल्याच वाक्याला त्यांची बोबडी वळायची वेळ आली. मुलगा म्हणत होता की हा डाग इतका गोल कसा? साहेबांनी कशीबशी वेळ मारून नेली. पुढच्या खेपेला त्यांनी फाटकं पोतं वापरलं, म्हणजे डाग वेडावाकडा पडेल. मग ते तरबेज झाले. इकडे पाणी तोड, तिकडे पोतं टाक. एक डाग बरा व्हायला लागला की दुसरा तयार. ज्या काड्या आपण गुडघे टेकून रोवल्या त्यांचाच गळा आपण दाबतोय, हे त्यांना कळत होतं. पण फोन रोज येत होता. तिकडच्या स्वयंपाकघरात भांडी वाजताना ऐकू येत होती. सूनबाई मागून काहीतरी विचारायची, नात मधेच फोन ओढून घ्यायची. त्या आवाजांसाठी साहेबांनी अंगणच काय, अख्खं घर पिवळं पाडलं असतं.

एका सकाळी मुलाने आनंदाने सांगितलं की बाबा, तुमचा त्रास मी कायमचा संपवलाय. उद्या माणसं येतील. ते गवत काढून प्लास्टिकची हिरवळ घालून देतील, अगदी खऱ्यासारखी दिसते.

साहेब गार पडले. खिडकीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली की ते स्वतः शेरा मारायचे, यंत्रच बदला. मग ती तक्रार कायमची मिटायची. मुलाने काही वेगळं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून हिरव्या गुंडाळ्या उतरल्या. साहेबांनी माणसांना जरा थांबवलं आणि मुलाला फोन लावला. स्वतःहून लावलेला हा त्यांचा पहिलाच फोन.

"अरे, गवत सुधारतंय. राहू दे ना."

"बाबा, दर वेळी तुम्ही हेच म्हणता आणि पुन्हा डाग पडतो," मुलगा म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही या वयात उन्हात वाकून बसता, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही हो. मला तिथे येता येत नाही. एवढं तरी करू द्या मला."

खरं ते साहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या मायेने बोलणाऱ्या मुलाला, मी तुला फसवत होतो, असं सांगायला जीभ रेटेना. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी माणसांना हात केला.

फावडी चालली. गवत सहजासहजी सुटेना. मुकादमाने एक मोठा तुकडा उलटा करून साहेबांना दाखवला. पांढरी मुळं वीतभर लोंबत होती.

"काका, एवढं जिवंत गवत काढताय कशाला?"

"मुलाने सांगितलंय," साहेब म्हणाले आणि आत जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत अंगण कडेपासून कडेपर्यंत हिरवंगार झालं. साहेबांनी फोटो पाठवला. मुलाने अंगठा पाठवला.

त्या आठवड्यात फोन वाजला नाही. रविवारी वाजला. साहेबांनी बोलायला दोन-चार विषय काढून ठेवले होते. नातीचा नवा दात आला का, हे त्यांनी विचारलं. तो केव्हाच आला होता. खडूस साहेबाचं विचारलं. त्याची बदली झाली होती. मग मुलाने विचारलं की हिरवळ कशी आहे, आणि छान आहे याच्यापुढे साहेबांना काही सुचेना. पाण्याचं नाही, खताचं नाही, सांगणार काय?

"चला, सुटलात एकदाचे," मुलगा म्हणाला. "मलाही वाईट वाटायचं हो. रोज उठून फोन, रोज उठून चौकशी. तुमच्या डोक्याला नुसता ताप."

"ताप कसला रे," साहेब म्हणाले. "मला आवडायचं."

तिकडे मुलगा हसला. बाबा आपलं मन राखायला तसं म्हणताहेत, असं त्याला वाटलं, आणि त्याने फोन ठेवला.