मुरलेली फोड

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं. मी नुसती मान डोलावली आणि पुढची फाईल उघडली. पूर्वी त्यांच्या एका ‘छान’वर दिवसभर माझे पाय जमिनीवर ठरत नसत.

“मुरलीस गं तू आता,” डबा खाताना शेजारच्या टेबलवरची सुनंदा म्हणाली आणि गेल्या वर्षीच्या लोणच्याची फोड माझ्या पोळीवर ठेवली.

फोड दाताखाली येताच विरघळली. कैरीचा करकरीतपणा कुठेच उरला नव्हता. कौतुकाची भूक सरणं म्हणजे शहाणपण, असं म्हणतात. पण माझी भूकच मेली असेल तर? मग उद्या कामावर यायचं ते कशाच्या ओढीनं?

घास तसाच तोंडात धरून मी कोयीचा एखादा कडक तुकडा जिभेनं शोधत राहिले.