हात वर

म्हैसूरमधल्या सरस्वतीपुरमच्या मोहनरावांना आयुष्यात एकच कला साधली होती, हात वर करण्याची. आजोबा रंगारी, त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत. नातवाने सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं काढली आणि हात स्वच्छ ठेवून तो निवृत्त झाला. फाईल हरवली, छत गळलं, मुलीचं लग्न अडलं, की यांचे हात वर!

पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "अहो, माझा खांदा लई दुखतोय." मोहनरावांनी पेपरातून मान न काढता निदान केलं, "वय झालं. तेल लाव."

पुढे बाईंनी केसात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळणं सोडलं. म्हैसूरची बाई आणि फुलं नाहीत! "आमच्या हिला वैराग्य आलंय," असं मोहनराव कौतुकाने सांगत.

मग एका सकाळी पार्कात शटल खेळताना त्यांनी तरुणांना दाखवायला स्मॅश मारला. शटल जाळीत गेलं आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. घरात हाहाकार उडाला. तेलाचं नाव काढायचीही सोय राहिली नाही. एमआरआय झाला. डॉक्टर प्राणेश म्हणाले, "हाडाखाली घासून स्नायू फाटलाय. दुर्बिणीने हाड तासू, स्नायू शिवू."

"हात पहिल्यासारखा वर जाईल ना?" मोहनरावांनी तीनदा विचारलं. जन्मभराची विद्या पणाला लागली होती.

ऑपरेशन झालं, हात झोळीत गेला. आंघोळ, गुंड्या, घास, सगळं अन्नपूर्णाबाईंकडे. दहाव्या दिवशी दवाखान्यात टाके निघाले. झोळीचा पट्टा नवऱ्याच्या गळ्यात घालताना बाईंचा उजवा हात मध्येच थांबला. डाव्या हाताने कोपर ढकलून त्यांनी तो कसाबसा वर नेला.

डॉक्टरांनी पाहिलं. "कधीपासून?"

"अय्यो, सुम्ने, उगीच आपलं, काही नाही डॉक्टर. तीन वर्षं झाली. आधी यांचं बरं होऊ दे."

"मग वेणी कोण घालतं?"

"शेजारची वरलक्ष्मी. संध्याकाळी फुलं माळायला पुन्हा तिलाच कशाला बोलवायचं?"

मोहनरावांचं ते वैराग्याचं कौतुक तिथेच गळालं. डॉक्टरांनी बाईंचा खांदा तपासला. "तुमच्यापेक्षा यांचं वाईट आहे, मोहनराव. फार उशीर केलात. आता शिवूनही किती सुधारेल, सांगता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

एक हात झोळीत होता. दुसरा वर करायची मोहनरावांना जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

"होतं," ते म्हणाले.