वसुधाताईंची कितवी फायनल

चार लिहिणारी माणसं महिन्यातून दोनदा एका टेबलाभोवती बसली की लिखाण किती साठतं ते ठाऊक नाही, किस्से मात्र भराभर साठतात. आमची बैठक माझ्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये भरते. मी नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे प्रिंटरपासून गीझरपर्यंत काहीही मला दुरुस्त करता येतं असा बाकीच्या तिघांचा समज आहे. वसुधाताईंच्या कादंबरीचे मसुदे सांभाळायला सॉफ्टवेअर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते यामुळेच.

वसुधाताई आमच्यात सर्वांत मोठ्या. साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत आल्या, शाळेत शिकवलं, रिटायर झाल्या आणि गेली अकरा वर्षं एकच कादंबरी लिहितायत. पुण्याच्या एका प्रकाशकांनी शेवटी कळवलं, "महिनाअखेरपर्यंत पूर्ण मजकूर आला तर छापू, नाहीतर आता राहू द्या." त्या 'राहू द्या'ने ताई हबकल्या. मीही हबकलो, कारण मी त्यांचा लॅपटॉप उघडून पाहिला होता.

*

लॅपटॉपवर एकाखाली एक फाइली होत्या. 'कादंबरी फायनल'. 'फायनल नवीन'. 'फायनल खरी'. 'फायनल खरी, यापुढे हात लावू नये'.

तिच्या खाली 'हात लावला'.

मी म्हटलं, "ताई, यातली कुठली धरायची?"

"अरे, तेच विचारायला तर तुला बोलावलं," ताई म्हणाल्या.

*

सॉफ्टवेअर निवडायचं तर आधी सगळ्यांचं कच्चं लिखाण समोर हवं, म्हणजे कुणाला काय लागतं ते कळेल. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, "रविवारी येताना प्रत्येकाने आपापला खर्डा आणावा. सगळ्यांचा थोडा थोडा बघू."

मृण्मयी आमच्यात सर्वांत लहान. मुनिरकात खोली घेऊन पीएचडी करते. घराणं कोल्हापूरचं, पण जन्म दिल्लीतला, त्यामुळे कुठला मराठी शब्द तिच्यापर्यंत पोहोचलाय आणि कुठला वाटेत राहिलाय, सांगता येत नाही. रविवारी तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत हिरव्या मिरचीचा, लसूण घालून वाटलेला, झणझणीत खर्डा.

"सॉरी, थोडा उशीर झाला," ती म्हणाली. "मिरच्या तव्यावर टाकल्या तर मकानमालकीण खोकत वर आली. म्हणाली, बेटा, किसको मारना है?"

खर्डा म्हणजे मसुदाही, हे तिला समजावून सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली, "मला वाटलं, रायटर लोक आहेत, जेवायच्या आधी थोडा थोडा बघतच असतील."

ताईंनी बोटावर घेऊन चाखला आणि उसासा टाकला. "माझा अकरा वर्षांत होईना. हिचा एका सकाळीत झाला, यार!"

ताईंच्या तोंडून 'यार' आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

*

चौथा इम्रान. पुण्याचा. मानेसरला गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर आहे आणि विनोदी कथा लिहितो. त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर वगैरे काही नको, फॅक्टरीची पद्धत वापरा. नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा: 'रद्द'. म्हणजे चुकीच्या कागदावरून पार्ट बनत नाही.

पठ्ठ्याने खरंच ताईंची जुनी प्रकरणं प्रिंट करून एकेकावर शिक्का मारून आणला. सहावं प्रकरण सासूबाईंवर होतं. त्यांच्या नावावर बरोब्बर तिरका लाल 'रद्द'.

इम्रान वरमला. "ताई, माफ करा, सासूबाईंवरच बसला तो."

ताईंनी पान हातात घेऊन शिक्का नीट वाचला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं कुणाची हिंमत झाली नाही हो." पान त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पद्धत मात्र बाद झाली.

*

मग माझी पाळी. मी आमच्या ऑफिसचीच सिस्टीम आणली, प्रोग्रामर लोक वापरतात ती. एकाच मजकुराच्या दोन फांद्या करायच्या, दोन्हीकडे लिहायचं, मग त्या जोडायच्या. जिथे जुळत नाही तिथे मशीन थांबून सांगतं.

ताईंच्या दोन फायनली जोडल्या. मशीन एका ठिकाणी थांबलं आणि स्क्रीनवर आलं: 'कॉन्फ्लिक्ट'.

ताई पुढे वाकल्या. सून आणि नणंद स्वयंपाकघरात समोरासमोर येतात तोच प्रसंग होता.

"याला मराठी येतं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी जीव तोडून समजावलं. उपयोग झाला नाही. ज्या मशीनला घरातली भांडणं कळतात, ते त्यांना घरात नको होतं.

*

शेवटी अगदी साधं सॉफ्टवेअर ठरलं. ऑनलाइन लिहायचं, कधी काय बदललं ते आपोआप साठतं, आणि कडेला शेरे लिहिता येतात. ताईंनी एकच विचारलं, "जुनं काही जात नाही ना?" नाही म्हटल्यावर बिल्कुल वाद घातला नाही.

अडचण लॉगिनची. त्यांच्या घरात ईमेल एकच, भास्कररावांच्या नावाचा, पेन्शन आणि गॅसच्या नंबरासाठी. शेवटी त्यानेच लॉगिन केलं. भास्करराव म्हणजे ताईंचे मिस्टर, एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून रिटायर झालेले. बायकोच्या कादंबरीची एक ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती. "कल्पित मजकूर मी बघत नाही," म्हणायचे.

महिना संपायला चार दिवस होते. ताई आल्या त्या ठरवूनच. "नाही पाठवत. शेवटच्या प्रकरणाचं धाडस होत नाही." त्या प्रकरणात नायिका सुमती म्हातारपणी एकटीच साताऱ्याची गाडी पकडते. दिल्लीला यायचंय का, हे तिला जन्मात कुणी विचारलेलं नसतं.

मी फाइल उघडली, तर कडेला शेरे. पहिल्या प्रकरणाला: 'पाहिले. भा.' चौथ्याला: 'संचालक नव्हे, उपसंचालक. दुरुस्ती करावी. भा.' आणि शेवटच्या प्रकरणाला, सुमती गाडीत बसते तिथे:

'कृपया बोला. भा.'

इम्रानला कळेना. ताईंनीच सांगितलं, एकेक शब्द सावकाश उच्चारत. सरकारी फाइलवर साहेब असं लिहितात, जेव्हा प्रकरण कागदावर सुटणारं नसतं. मग फाइल घेऊन समोर जाऊन बसायचं असतं.

चहा न घेता त्या उठल्या. मला फार भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आम्ही तिघांनीही दोन दिवस फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल उघडली. काय बदललं ते बघितलं. शेवटच्या वाक्यातला 'एकटीच' हा शब्द सकाळी सव्वाअकराला कुणीतरी काढला होता. अकरा चाळीसला परत घातला होता. कडेला, 'कृपया बोला'च्या खाली, नवीन शेरा होता. खाली सही नव्हती, आणि लॉगिन तर दोघांचं एकच.

'चर्चा झाली. मसुदा मान्य. आजच पाठवावा.'